सहाशे दिरहमचं कार्ड

२००६ च्या जुलैपासून अबू धाबी अमिरातीतल्या मंदूबांच्या मागे एक नवं लचांड लागलं. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारदरबारची कामं निस्तरणारा माणूस. नोकराचा व्हिसा काढायचा किंवा वाढवायचा तर पासपोर्ट, फोटो, रक्ताचा अहवाल आणि छातीचा एक्स-रे एवढं फायलीत असलं की आजवर भागत होतं. आता त्यात आरोग्य विम्याचा कागद हवा होता. तो नसेल तर व्हिसा नाही, आणि माणूस जितके महिने विम्याविना राहील तितके महिने माणशी तीनशे दिरहम दंड. हजारांवर नोकर असलेल्या कंपन्या पहिल्या टप्प्यात, बाकीच्या जानेवारी २००७ पासून. याच अमिरातीतल्या अल ऐनच्या सनाइयात, म्हणजे गॅरेजं, वेल्डिंगची दुकानं आणि लाकडाच्या वखारींच्या औद्योगिक वस्तीत, अनेक मालकांकडे पाच-दहाच माणसं कामाला असतात. त्यांची पाळी दुसऱ्या टप्प्यात आली. सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरवाल्यांचा धंदा त्या हिवाळ्यात तेजीत असणार, हे सांगायला कागदपत्रं धुंडाळायला नकोत.

कायदा आदल्या वर्षीचा, २००५ चा क्रमांक २३. त्याचं सार दोन वाक्यांत सांगता येतं. अमिरातीत राहणाऱ्या परदेशी माणसाचा आरोग्य विमा त्याच्या मालकाने किंवा त्याला व्हिसा देणाऱ्याने काढायचा. आणि त्याचा हप्ता नोकराच्या पगारातून कापायचा नाही. घरकाम करणारी बाई, ड्रायव्हर, खजुराच्या बागेतला माळी, सगळे त्यात आले. संयुक्त अरब अमिरातीत असा कायदा पहिल्यांदाच होत होता. आणि तो निघाला तेव्हा त्या देशात निवडून आलेला एकही लोकप्रतिनिधी नव्हता.

आरोग्य विम्याचे कायदे जगात बहुतेक ठिकाणी संसदेत जन्मतात आणि संसदेतल्या प्रश्नांनी बदलतात. मर्यादा का वाढवली नाही, अमक्या जिल्ह्यात दवाखाना का नाही, मालकाने पैसे भरले नाहीत तर मंत्रिमहोदय काय करणार, असं कुणीतरी उठून विचारतं आणि वर्षादोनवर्षांत एखादं कलम हलतं. मग अल ऐनमध्ये हे काम कोण करत आलं? त्याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं.

अल ऐन अबू धाबी शहरापासून सुमारे एकशेसाठ किलोमीटर आत, ओमानच्या बुरैमीला खेटून आहे. जमिनीखालच्या पाटांनी, फलजांनी, पाणी आणायचं आणि खजुराच्या बागा जगवायच्या, हा इथला हजारो वर्षांचा संसार. १९४६ ते १९६६ शेख झायेद इथला कारभार पाहत होते. अबू धाबीच्या गादीवर थोरले बंधू शेख शखबूत. तेल सापडलं १९५८ मध्ये, ते जहाजात चढायला १९६२ उजाडलं. तोवर चलन आपलं रुपयाचंच होतं आणि या किनाऱ्यावर ज्याच्या गाठीला पैसा असे तो बडा आजार झाला की मुंबई गाठत असे. गाठीला नसे त्याच्यासाठी तापल्या सळईचे डाग होते, आपल्या मेळघाटात देतात तसेच.

१९६० च्या नोव्हेंबरात पॅट आणि मारियन केनेडी हे अमेरिकन मिशनरी डॉक्टर जोडपं चार मुलांना घेऊन इथे उतरलं. शेख झायेदांनी त्यांना मातीच्या विटांचं एक पाहुणेघर दिलं आणि त्यातच दवाखाना सुरू झाला. त्या काळाबद्दल रुग्णालय स्वतः जो हिशेब सांगत आलंय तो अंगावर येणारा आहे: जन्मलेल्या दोन मुलांतलं एक दगावायचं आणि तीन बाळंतिणींतली एक. त्यामुळे दोघांत मारियनबाईंचं महत्त्व जास्त. पुरुष डॉक्टरकडे बाईला न्यायला जे घर तयार नसे ते बाईडॉक्टरकडे यायचं. माणसं उंटावरून यायची, काही दिवसांची वाट तुडवून. रोगी आत आणि नातलग बाहेर मुक्काम ठोकून. १९६२ मध्ये गर्ट्रूड डिक ही कॅनडाची परिचारिका आली, गावाने तिला ‘दोक्तोरा लतीफा’ केलं आणि पुढची जवळजवळ चार दशकं ती तिथेच राहिली. ११ मार्च १९६१ ला शेख झायेदांना झालेला मुलगा, आजचे राष्ट्राध्यक्ष शेख मोहम्मद, याच दवाखान्यातलं बाळ. ‘ओएसिस’ या नावाने वाढलेलं हे रुग्णालय आता कनाद म्हणून ओळखलं जातं. केनेडी हे आडनाव इथल्या लोकांच्या तोंडी तसंच बसलं होतं.

या मातीच्या घरात विमा नव्हता, कायदा नव्हता, हक्क तर नव्हताच. मिशनची वर्गणी होती आणि शेखांचा आश्रय होता. आजारी माणूस पाहुणा होता. पाहुणा कोण, अरब की बलुची की हिंदुस्थानी, हे बघायची गरजच पडत नव्हती, कारण माणसंच मूठभर होती.

१९६६ मध्ये झायेद गादीवर आले, १९७१ मध्ये सात अमिरातींचा संघ झाला आणि पाहुणचार सरकारी झाला. १९७९ मध्ये अल ऐनला तवाम रुग्णालय उघडलं. कर्करोगाच्या उपचारांसाठी देशभरातून माणसं तिथे येऊ लागली. संघाच्या घटनेत १२० वं कलम आहे: परराष्ट्र धोरण, संरक्षण, शिक्षण यांच्याच पंगतीत सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय सेवा हे विषय संघाकडे दिलेले आहेत. हे कलम लक्षात ठेवावं, कारण पुढच्या सगळ्या गुंत्याची गाठ तिथे आहे. घटनेप्रमाणे आरोग्य संघाचं, पण पैसा अमिरातींचा, आणि त्यातही मुख्यतः अबू धाबीचा.

कामगाराच्या दृष्टीने महत्त्वाचा कागद म्हणजे १९८० चा संघीय कामगार कायदा, क्रमांक ८. त्याने मालकावर नोकराच्या वैद्यकीय सोयीची जबाबदारी टाकली आणि कामावर जखम झाली तर बरा होईपर्यंतचा खर्च त्याच्या माथी मारला. पण जखम वेगळी आणि आजार वेगळा. शिडीवरून पडलेल्या गवंड्याचा खर्च मालकाचा हे ठरलेलं होतं. त्याच गवंड्याला रात्री मूतखड्याने उलट्या सुरू झाल्या तर? मालक बरा असेल तर गाडीत घालून नेई आणि बिल भरे. नसेल तर माणूस खोलीवाल्यांकडून वर्गणी काढी किंवा दुखणं पुढच्या सुट्टीपर्यंत, रत्नागिरीच्या सिव्हिलपर्यंत, दाबून ठेवी. अरबाब, म्हणजे मालक, चांगला मिळाला हे वाक्य कोकणातल्या घरांत नशिबाचा भाग म्हणून बोललं जायचं ते उगाच नाही.

नव्या शतकात ही व्यवस्था ताणली गेली. २००५ च्या जनगणनेत देशात एक्केचाळीस लाख माणसं निघाली. त्यांतले नागरिक सव्वाआठ लाख. पाच वर्षांनी सरकारी अंदाज ब्याऐंशी लाखांवर गेला आणि नागरिक साडेनऊ लाखांच्या आतबाहेर. सरकारी दवाखान्यांच्या रांगा आणि बुडालेली बिलं कुणाच्या खात्यावर टाकायची, हा प्रश्न होता. अबू धाबीने संघाची वाट पाहिली नाही. संघीय आरोग्य खात्याकडे देशभराच्या विम्याचा विचार घोळत असताना या अमिरातीने स्वतःचा कायदा करून टाकला, स्वतःची विमा कंपनी काढली आणि तिला ‘दमान’ म्हणून रस्त्यावर आणली. तिचं पूर्ण नाव राष्ट्रीय आरोग्य विमा कंपनी. ऐंशी टक्के मालकी अबू धाबी सरकारची, वीस टक्के म्युनिक री या जर्मन कंपनीची.

स्वस्तातलं कार्ड वर्षाला सहाशे दिरहमचं. मालकाने घर दिलं असेल तर चार हजार, नसेल तर पाच हजार दिरहमांच्या आत पगार असलेल्यांसाठी ते होतं. म्हणजे मजूर, हेल्पर, ड्रायव्हर, स्वयंपाकी असे सगळेच त्यात बसले. सरकार त्यात पदरचे पैसे घालत होतं. त्या वेळच्या भावाने सहाशे दिरहम म्हणजे सात-साडेसात हजार रुपये. त्यावर वर्षाला अडीच लाख दिरहमपर्यंत उपचार, म्हणजे तीस लाख रुपयांच्या घरात. शेजारी आपला आकडा ठेवून पाहण्यासारखा आहे. १ एप्रिल २००८ ला भारताने राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली, तिची मर्यादा पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला तीस हजार रुपये होती. शून्यं मोजून पाहावीत. दापोलीतल्या एकाच घरातला थोरला भाऊ सनाइयात आणि धाकटा शेतावर असेल, तर दोघांच्या अंगाच्या किमतीत शंभर पटींचा फरक दोन सरकारांनी लावला होता.

काउंटरवर हे कार्ड असं चालायचं. पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीला टोकन नंबर. कार्ड आणि बताका, म्हणजे ओळखपत्र, काचेखालून सरकवायचं. आतली केरळची सिस्टर नंबर मारते, पडद्यावर हिरवी ओळ आली की वीस दिरहम मागते. ओळ लाल आली तर मालकाने नूतनीकरण केलेलं नसतं. औषधाच्या खिडकीवर किमतीतले तीस टक्के स्वतःचे, आणि औषधांना वर्षाची पंधराशे दिरहमांची कमाल. दात आणि चष्मा ज्याचा त्याने बघायचा. मधुमेहाच्या माणसाला ही पंधराशेची भिंत डिसेंबरच्या आत लागू शकते, आणि ती लागली की तो गावाहून येणाऱ्याला फोन करून गोळ्यांच्या पट्ट्या मागवतो. कोकणातून आखातात जाणाऱ्या बॅगांत कोकमं, कुळथाचं पीठ आणि मेटफॉर्मिन एकत्र प्रवास करतात ते यामुळे.

तरीही कायद्याचं मूळ कलम मोठं होतं, हे कबूल करायला हवं. हप्ता पूर्ण मालकाचा. नोकराचा एक पैसा नाही. आरोग्य विम्याचा जो मूळपुरुष, त्या बिस्मार्कनेही एवढं केलं नव्हतं. १८८३ च्या जर्मन कायद्यात हप्त्याचे दोन तृतीयांश कामगार भरायचा आणि एक तृतीयांश मालक. मात्र त्या कायद्याची दुसरी बाजू अशी की विम्याच्या ज्या स्थानिक संस्था होत्या त्यांच्या कारभारात जागाही त्याच प्रमाणात मिळाल्या. कामगार दोन तृतीयांश भरत होता म्हणून दोन तृतीयांश खुर्च्या त्याच्या होत्या. समाजवाद्यांना वेसण घालायला बिस्मार्कने काढलेल्या या संस्थांमध्ये समाजवादी कामगारच बसून हिशेब तपासू लागले. पैसे भरणाऱ्याला विचारायचा अधिकार येतो, हा साधा व्यवहार.

भारतात हाच व्यवहार एका मराठी माणसाने कागदावर आणला. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम आलं. १९४४ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूरला नेहरूंच्या हातून योजना सुरू झाली. १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबई. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराच्या घरात ‘ईएसआयएस’ हा शब्द त्यानंतर कायमचा आला, बरोबर त्या दवाखान्यांबद्दलच्या शिव्याही. या कायद्यात कामगाराचा वाटा होता, मालकाचा वाटा होता, आणि मालकाने आपला वाटा मजुरीतून कापायचा नाही हे ४० वं कलमही होतं. अबू धाबीने सत्तावन्न वर्षांनी लिहिलं तेच. पण महामंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसवले होते आणि संसदेचे तीन सदस्य: दोन लोकसभेचे, एक राज्यसभेचा. लोकसभेत दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न लागतात. त्यात ईएसआयचा प्रश्न हा नेहमीचा गिऱ्हाईक. वेतनमर्यादा कधी वाढणार? १९४८ ची चारशे रुपयांची मर्यादा पाचशे, हजार, सोळाशे, तीन हजार, साडेसहा हजार अशी सरकत २०१७ मध्ये एकवीस हजारांवर आली, ती या सततच्या टोचणीने. हळू, रडतखडत, माहिती गोळा करून पटलावर ठेवण्यात येईल अशा उत्तरांच्या चिखलातून. पण टोचणारं कुणीतरी होतं, आणि त्याला परळच्या मतदाराला तोंड दाखवायचं होतं.

आता अबू धाबीकडे वळू. तिथेही प्रश्न विचारणारं सभागृह आहे. संघीय राष्ट्रीय परिषद १९७२ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा बसली. चाळीस सदस्य: अबू धाबी आणि दुबईचे आठ-आठ, शारजा आणि रास अल खैमाचे सहा-सहा, उरलेल्या तीन अमिरातींचे चार-चार. २००६ पर्यंत सगळेच त्या त्या राज्यकर्त्याने नेमलेले. त्या वर्षीच्या डिसेंबरात अर्ध्या जागांसाठी पहिली निवडणूक झाली; सात अमिराती मिळून मतदार साडेसहा हजारांच्या आसपास, तेही निवडक. २०११ मध्ये ते एक लाख एकोणतीस हजारांवर गेले, २०१५ मध्ये दोन लाख चोवीस हजारांवर. पहिल्याच निवडणुकीत निवडून आलेल्या अमल अल कुबैसी अल ऐनच्या विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकवत असत. २०१५ मध्ये त्या परिषदेच्या अध्यक्षा झाल्या. अरब जगात संसदेच्या प्रमुखपदी बसलेली ती पहिली स्त्री.

या परिषदेला कायदा अडवता येत नाही. विधेयक तिच्यापुढे येतं, ती दुरुस्त्या सुचवते, फेटाळूही शकते. तरी राष्ट्राध्यक्ष सात राज्यकर्त्यांच्या सर्वोच्च परिषदेच्या संमतीने ते जारी करू शकतात. पण घटनेच्या ९३ व्या कलमाने एक गोष्ट तिला दिली आहे. सदस्य प्रश्न विचारू शकतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. मंत्री बऱ्याचदा स्वतः येतात आणि सदस्य बऱ्याचदा ऐकून घेत नाहीत. आपल्याकडच्या समजुतीपेक्षा ही चर्चा कितीतरी जिवंत असते. आरोग्य विमा हा तिथला वर्षानुवर्षांचा विषय. तेव्हाचे आरोग्यमंत्री अब्दुल रहमान अल ओवैस यांच्यापुढे तो पुन्हापुन्हा आला: अबू धाबीच्या नागरिकाला २००८ पासून थिका हे भरभक्कम कार्ड आहे, मग फुजैराच्या किंवा उम्म अल कुवैनच्या नागरिकाला काय? एकाच देशाच्या दोन नागरिकांत हा फरक का? प्रश्न रास्त होता, आणि १२० व्या कलमाकडे बोट दाखवून विचारता येण्यासारखा होता.

पण तो नागरिकांचा प्रश्न होता. ज्या साठ-सत्तर लाखांच्या अंगावर विम्याचे हे कायदे लागू होत गेले त्यांच्यातला कुणी परिषदेत नव्हता, त्यांच्या मतावर निवडून आलेलाही कुणी नव्हता. आणि दुसरी पाचर म्हणजे अल ऐनचं कार्ड अबू धाबीच्या स्वतःच्या कायद्याचं. संघाचा मंत्री त्याबद्दल काय उत्तर देणार? अल ऐनमधल्या मराठी फिटरच्या औषधांची पंधराशेची कमाल का, हे विचारायला सभागृहच नव्हतं. तिथे बिस्मार्कचा व्यवहार उलटा फिरलेला दिसतो. हप्ता भरायचा नाही, म्हणून खुर्चीही नाही.

मग कायदा बदलतो कसा, ते २०१६ मध्ये दिसलं. त्या वर्षी १ जुलैपासून अबू धाबीच्या आरोग्य प्राधिकरणाने थिका कार्डावर खासगी रुग्णालयांत वीस टक्के खर्च रुग्णाने सोसायचा असा नियम केला, अमिरातीबाहेरच्या उपचाराला त्याहून जास्त. तेलाचे भाव पडले होते, सगळीकडे हात आखडत होते. सरकारी रुग्णालयांत फुकट होतंच, पण अल ऐनच्या नागरिकांना कनादसारख्या जवळच्या, पिढ्यांच्या ओळखीच्या ठिकाणी जायची सवय. कुरबुर सुरू झाली. ती परिषदेच्या प्रश्नपत्रिकेत मावणारी नव्हती, कारण कायदा अमिरातीचा. तिची वाट मजलिसची, म्हणजे दरबारी बैठकीची. अल ऐनमध्ये राज्यकर्त्याचे प्रतिनिधी म्हणून शेख तहनून बिन मोहम्मद अनेक दशकं होते. अशा मोठ्यांच्या बैठकीत जाऊन, कॉफी घेऊन, खांद्याला खांदा लावून गाऱ्हाणं सांगायची रीत इथे घटनेहून जुनी आहे. खासगी रुग्णालयांचाही धंदा बसला होता, त्यांचंही म्हणणं वर गेलं. २०१७ च्या एप्रिलमध्ये शेख मोहम्मद बिन झायेद यांनी वीस टक्क्यांची ती अट काढून टाकली. ते तेव्हा युवराज होते. ना विधेयक, ना दुसरं वाचन, ना मतदान. दहा महिन्यांत नियम आला आणि गेला. आपल्याकडे असा एखादा बदल प्रवर समितीकडे जाऊन तिथेच म्हातारा झाला असता, हेही खरं.

मला ही मजलिसची पद्धत हसण्यावारी न्यावीशी वाटत नाही. गाऱ्हाणं ऐकून दहा महिन्यांत चूक दुरुस्त करणारी सत्ता आपल्याला तरी कुठे रोज भेटते? अडचण एवढीच की त्या बैठकीच्या दाराशी चपला काढायला सनाइयातला माणूस जात नाही. जाऊ नये असा नियम नाही. पण तो जात नाही. त्याचं गाऱ्हाणं मंदूबापाशी थांबतं, आणि मंदूब मालकाचा.

दुबईने स्वतःचा कायदा २०१३ मध्ये केला, क्रमांक ११. २०१४ ते २०१७ टप्प्याटप्प्याने लागू झाला. उरलेल्या पाच अमिरातींचं काय, याचं उत्तर परिषदेत वर्षानुवर्षं विचारून झाल्यावर मार्च २०२४ मध्ये आलं, आणि तेही मंत्रिमंडळाच्या निर्णयातून. १ जानेवारी २०२५ पासून शारजापासून फुजैरापर्यंत खासगी नोकर आणि घरकामगार यांचा विमा सक्तीचा झाला. तीच २००६ ची चावी, विमा नाही तर व्हिसा नाही. कार्ड वर्षाला तीनशे वीस दिरहमचं, अबू धाबीच्या पहिल्या कार्डाच्या निम्म्याला थोडं वर. इस्पितळात भरती झाल्यास वीस टक्के रुग्णाचे, पण एका खेपेला पाचशे आणि वर्षाला हजार दिरहमांच्या वर नाहीत. औषधांना पुन्हा पंधराशेची कमाल. एकोणीस वर्षांत तो आकडा जागचा हलला नाही. इतकी वर्षं एका आकड्याला कुणी हात लावत नाही तेव्हा त्याच्याबद्दल कुणी विचारलेलं नाही, असं मी समजतो.

एक बाजू अजून राहिली. अल ऐनचं कार्ड अल ऐनमध्ये चालतं. व्हिसा रद्द झाला की ते संपलं. पंचवीस वर्षं इंजिनं उघडून साठीत खेडला परतलेल्या माणसाबरोबर रक्तदाब येतो, साखर येते, कार्ड येत नाही. आणि तो तिथे असताना त्याची बायकामुलं त्या कार्डावर कधी नव्हतीच, कारण कमी पगारात कुटुंबाचा व्हिसाच मिळत नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्राची योजना. राजीव गांधी जीवनदायी २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात कोकणातून रायगड होता, रत्नागिरी नव्हता. रत्नागिरीला ती २०१३ च्या नोव्हेंबरात पोचली. आता ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. त्या योजनेबद्दल विधानसभेत प्रश्न येतात, लक्षवेधी लागतात, आरडाओरडा होतो. होऊ दे.

आखातात जाणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा भारतातला विमा वेगळाच. दहावी न झालेल्या, ‘इमिग्रेशन चेक’च्या शिक्क्याच्या पासपोर्टवर जाणाऱ्या माणसाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परवानगी लागते, आणि २००३ पासून तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेची पावती. दोन वर्षांना पावणेतीनशे रुपये, तीन वर्षांना पावणेचारशे, वर कर. अपघाती मृत्यूला दहा लाख. मुंबईत एजंटाच्या कचेरीत ‘गामका’ मेडिकलच्या, म्हणजे आखातासाठीच्या वैद्यकीय तपासणीच्या, चिठ्ठीबरोबर ती जोडली जाते आणि बहुतेक जण वाचत नाहीत. वाचली तर त्यात एक ओळ सापडते. कुटुंबाच्या भारतातल्या इस्पितळखर्चासाठी पन्नास हजार रुपये मिळतील, पण विमाधारक मेला किंवा कायमचा अपंग झाला तर.

तो धडधाकट असेल आणि त्याची आई चिपळूणला आजारी पडली, तर त्या पावतीवर काही मिळत नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवा आणायचे मसुदे परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये काढले आणि २०२१ मध्ये पुन्हा काढले. या पावतीवरची ती ओळ बदलायला अबू धाबीच्या कुठल्या शेखांची परवानगी लागत नाही. रत्नागिरी आणि रायगडच्या खासदारांना पंधरा दिवसांची नोटीस देऊन हा प्रश्न तारांकित म्हणून टाकता येतो.